१३८ दिवस झाले. बेदाण्याचे पैसे माझ्या खात्यावर घेऊ का?

शेडवरचा
९ मार्च, रात्री ११.४०

मंडळी, इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. तासगाव तालुक्यातला आहे. अडीच एकर बाग, सगळा माल बेदाण्याला. वय ३४, लग्न झालंय, एक मुलगी आहे.

दिवाळी पाडव्यापासून मी एक रुपयाही लावलेला नाही. आज १३८ दिवस झाले. त्याआधी तीन वर्षं मोबाईलवर जुगार खेळत होतो. सुरुवात रमीनं झाली. गेल्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशाची रमी बंद झाली. मला वाटलं, सुटलो. पंधरा दिवसांत एका ओळखीच्यानं आयडी दिला, बाहेरच्या देशातल्या साइटचा. त्यावर क्रिकेटचं सेशन, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील त्यावर पैसे लावायचे, आणि ते वर वर चढत जाणारं विमान, ते फुटायच्या आत पैसे काढायचे. रमीत दोन वर्षांत गेलं नव्हतं तेवढं दोन महिन्यांत गेलं.

आता प्रश्न असा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मिरजेत. परवा ते म्हणाले, "यंदा सौदा तूच बघ. पट्टी तुझ्या नावावर घे, सोसायटी भागव, उरलेलं ठेव." (पट्टी म्हणजे अडत दुकानातला विक्रीचा हिशोब आणि त्याची रक्कम, सोसायटी म्हणजे तिथलं कर्ज.) दिवाळीपासून माझं एटीएम बायकोकडं आहे, मोबाईलवरनं पैसे जात नाहीत. त्यामुळं वडिलांचं हे बोलणं ऐकून डोळ्यात पाणी आलं. माझ्यावर परत विश्वास टाकला म्हणून.

आणि त्याच रात्री बेदाणा वाळवायच्या शेडवर झोपलो होतो तर मनात हिशोब सुरू झाला. पहिल्या लॉटची पट्टी साडेतीन लाखाच्या आसपास होईल. त्यातले फक्त पन्नास हजार बाजूला काढले तर... मी उठून बसलो. हिरवी जाळी वाऱ्यानं फडफडत होती, मी घामानं भिजलो होतो. महिनाअखेरीला आयपीएल पण सुरू होतंय.

घ्यावेत का पैसे खात्यावर? नाही म्हटलं तर वडिलांना काय वाटेल?

---

कृष्णाकाठ
९ मार्च, रात्री ११.५८

आधी अभिनंदन. १३८ दिवस म्हणजे खायचं काम नाही.

माझं मत, घे. बापानं एवढं झाल्यावर परत हातात व्यवहार दिला आणि पोरगा नको म्हणाला, तर त्यांना वाटेल हा अजून सुधारलाच नाही. जबाबदारी पडली की माणूस सरळ होतो, हे मी माझ्या चुलतभावाच्या बाबतीत पाहिलंय.

---

विटेकर_पैलवान
१० मार्च, सकाळी ६.१०

मन घट्ट कर भावा. मन घट्ट असलं की खात्यावर साडेतीन लाख असूदेत न्हाईतर साडेतीन कोटी, काय फरक पडत न्हाई. रोज सकाळी पाच किलोमीटर पळ. रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोप.

---

सूनबाई_पलूस
१० मार्च, दुपारी १.२५

कृष्णाकाठ आणि विटेकर दादा, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय, पण मी दोघांशीही सहमत नाही. मी यातून बाहेर पडलेल्या माणसाची बायको आहे.

आमच्या घरात असंच झालं. यांनी आठ महिने एक पैसा लावला नव्हता. सासूबाईंना वाटलं, लेकरू सुधारलं. उसाचं बिल यांच्या खात्यावर आलं. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या रात्री दोन वाजता मला जाग आली तर हे न्हाणीघरात. दिवा बंद, मोबाईलचा उजेड दाराच्या फटीतून येत होता. मी दार वाजवलं नाही. बाहेर पायरीवर बसून राहिले. पाऊण तासानं बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड पाहूनच मला आकडा कळला.

ह्यांचं मन कच्चं नव्हतं. पहाटे चारला उठून ऊसतोडीला जाणारा माणूस आहे. पण मनाला बाराही महिने पहाऱ्यावर उभं करायचं म्हटलं तर एखाद्या रात्री डोळा लागतोच.

त्यानंतर आम्ही मनावर काही ठेवलं नाही. बिल सासूबाईंच्या खात्यावर येतं. पासबुक माझ्याकडं असतं. यांना रोजचे दोनशे रुपये देते, संध्याकाळी कशाला गेले ते सांगतात. एटीएम कार्ड कुठं ठेवलंय ते मी सांगत नाही, हेही विचारत नाहीत. सुरुवातीला यांना लहान पोरासारखं वागवल्यासारखं वाटायचं. आता म्हणतात, ते डोक्यावरचं ओझं गेलंय. दोन वर्षं चार महिने झाले.

दादा, तुमच्या मिसेसना एकदा विचारा त्यांना काय वाटतं. तुमच्या लिहिण्यात वडील आहेत, सोसायटी आहे, त्या कुठंच नाहीत.

---

विटेकर_पैलवान
१० मार्च, दुपारी २.०२

ताई, तुमचं पटलं. मी कधी खेळलो न्हाई, त्यामुळं मला आतनं काय होतं ते म्हाईत न्हाई. माझं वरचं बोलणं मागं घेतो. पळायचं मात्र सोडू नको गड्या.

---

जुना_आकडेवाला
१० मार्च, रात्री ९.१५

वय ६८. सांगलीत मार्केट यार्डात हमाली केली, हळदीची पोती उचलली. तेवीस वर्षं मटका खेळलो. आता १९ वर्षं झाली, सोडलाय.

तुम्हा पोरांना वाटतं मोबाईलनं वाटोळं केलं. आमच्या वेळी पानपट्टीच्या मागं चिठ्ठी असायची. मुंबईत मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर. तो भाव यायचा बंद झाल्यावर मडक्यातनं चिठ्ठ्या आणि नंतर पत्ते काढायला लागले, पण आकडा सांगलीत संध्याकाळी बरोबर पोचायचा. ओपन (दिवसाचा पहिला आकडा) लागला का, क्लोज (दुसरा) काय आला. माझा पगार शनिवारी व्हायचा आणि रविवारी घरात मीठ नसायचं.

सुटलो कसा ते सांगतो. बायको चौथी शिकलेली. एक दिवस तिनं पोरीच्या पाटीवर मांडलं. एकेरी आकड्याला दहा रुपयाला नव्वद मिळतात ना? आकडे किती? दहा. मग दहाही आकड्यांवर दहा-दहा लावा. शंभर गेले, नव्वद आले. दोन आकड्यांच्या जोडी शंभर आहेत, शंभर जोड्यांवर एक-एक रुपया लावा. शंभर गेले, नव्वद आले. "सगळंच्या सगळं लावलं तरी दहा रुपये शेठचे. मग तुम्ही एक आकडा लावून शेठला काय हरवणार?" तेवीस वर्षं मी स्वप्नातले आकडे शोधले, आणि हे गणित कधी केलं नव्हतं.

पण खरं सांगतो, गणित कळल्यावरसुद्धा सुटलं नाही. सुटलं ते मुकादमाला सांगून पगार बायकोच्या हातात द्यायला लावला तेव्हा. मी कट्ट्यावर बाजूला उभा राहायचो, ती मोजून घ्यायची. चार लोक बघायचे. सुरुवातीचे दोन महिने मान वर होत नव्हती.

तर पोरा, पलूसची लेक सांगते ते ऐक.

---

रात्रपाळी_कुपवाड
११ मार्च, पहाटे ४.५०

एमआयडीसीत रात्रपाळीला असतो, सुट्टीच्या वेळात लिहितोय. मी २१ महिने बंद आहे. शेडवरचा, तू रात्री उठून बसलास ना, ते मी ओळखतो.

आपल्यात 'रिकव्हरी' हा शब्द कसा वापरतात ते आठव. "आज रिकव्हरी करतो" म्हणजे गेलेलं काढतो. डॉक्टर रिकव्हरी म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, की बारा लाख परत आणायचे. मी सोडल्यानंतरचे सहा महिने तोच घोळ होता. खेळणं बंद, पण डोक्यात गेलेले पैसे 'माझे' होते, कुणाकडं तरी अडकलेले. ज्या दिवशी ते पैसे मेले असं मी वहीत लिहिलं, त्या दिवशी खरं हलकं झालं.

दुसरं, ते विमान. तू दोनपटीवर काढतोस आणि ते चाळीसपटीवर जातं, किंवा तू थांबतोस आणि ते तुझ्या अर्ध्या सेकंद आधी फुटतं. 'थोडक्यात हुकलं' असं वाटतं ना? थोडक्यात हुकलं तेव्हाही मेंदूचा बक्षिसाचा भाग जागा होतो, हे मेंदूच्या तपासण्यांत दिसलंय. म्हणजे हरलास तरी आतनं अर्धं जिंकल्यासारखं वाटतं, आणि हात परत जातो. आणि 'आता इतक्या वेळा खाली आलं, आता वर जाणारच' हेही खोटं. १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कसिनोत चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. लोक लालवर वाढवून वाढवून लावत राहिले आणि साफ झाले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं.

आयपीएलचं सांगतो. गेल्या हंगामात मी एकही मॅच बघितली नाही. संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा हा वेळ भरून ठेवतो. तेव्हा मेव्हण्याच्या भडंगाच्या गाळ्यावर पाकिटं भरली. फुकट. तो म्हणायचा दाजी पगार घ्या, मी म्हटलं रोख देऊ नको, भडंग दे. घरात अजून डबे भरलेत. या कुणी कुपवाडला, नेऊन टाका.

---

अजिंक्यताऱ्याखाली
११ मार्च, सकाळी १०.३०

साताऱ्याहून लिहितेय. शेडवरचा दादा, एक विचारू का? तुमचं एकूण किती गेलं आणि त्यातलं घरी किती माहीत आहे? आकडा इथं लिहू नका हवं तर. स्वतःशी उत्तर द्या.

---

पट्टीवाला
११ मार्च, दुपारी ३.४०

मी अडत दुकानात दिवाणजी आहे. व्यवहाराचं सांगतो, कारण सगळ्यांनी मनाचं सांगितलं.

पट्टी कुणाच्या नावावर करायची ते माल आणणारा सांगतो. वडिलांचं नाव सांग, पट्टी वडिलांच्या नावानं होईल, रक्कम बँकेतून त्यांच्या खात्यावर जाईल. तू सौद्याला उभा राहा, मालाचा नमुना दाखव, दर पटला नाही तर माल मागं घे. हे सगळं तुझं. पैसा तुझ्या हातातनं जायलाच पाहिजे असं कुठं आहे? माझ्याकडं पंचवीस वर्षांचे शेतकरी आहेत, सौदा पोरगा करतो आणि पट्टी आईच्या नावावर. कुणी काही म्हणत नाही.

दुसरं, सगळा माल एकदम विकू नको. कोल्ड स्टोरेजला ठेव, लागेल तसा काढ. एकदम मोठी रक्कम आली की भल्याभल्यांचे पाय घसरतात. पण सावध, कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर तारण कर्ज मिळतं. ती पावती पण वडिलांच्याच नावानं कर आणि त्यांच्याच कपाटात ठेव.

---

वाळव्याचा_वाचक
११ मार्च, सायंकाळी ६.१५

पट्टीवाले काका, विषयांतर होतंय, पण सौद्यात बेदाणा उधळतात ते थांबलं का हो? नमुना म्हणून बॉक्स फोडायचा आणि मूठमूठ फेकायचा. शेतकऱ्याचा जीव तुटतो.

---

पट्टीवाला
११ मार्च, सायंकाळी ६.४०

आमच्या दुकानात मी हात धरतो. वेगळा धागा काढा, त्यावर सविस्तर लिहितो. इथं या पोराचं चालू दे.

---

मिरजेची_मावशी
१२ मार्च, सकाळी ११.००

मिरजेत ३१ वर्षं नर्स होते. सगळ्यांचं वाचलं. बाळा, तुला एक गोष्ट स्पष्ट सांगते, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आहे, त्यातल्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत जुगाराचं व्यसन दारू-गांजाच्या व्यसनांबरोबर एकाच गटात ठेवलंय. त्याला उपचार आहेत. विचारांची घडी कशी बसते आणि ती कशी मोडायची, यावर समुपदेशक आठवड्याला तासभर काम करतात. सोबत नैराश्य असेल तर औषधं असतात. तू एकटा शेडवर बसून हे करतोयस का कुणाला दाखवलंस, ते लिहिलं नाहीस.

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. साताऱ्याचं परिवर्तन, पुण्याचं मुक्तांगण ही नावं आपल्याकडं दारूमुळं माहीत आहेत. तिथं फोन करून जुगारासाठी काय सोय आहे ते विचारायला काही लाजायचं नाही.

पोलीस धरतील म्हणून पुष्कळ जण दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षीच्या कायद्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला. फक्त खेळला म्हणून त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून डॉक्टरांना सगळं खरं सांग.

अजून एक, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझ्या नात्यातले एक निवृत्त मास्तर, आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात रोज लॉटरीची तिकिटं घ्यायला लागले. पेन्शन संपवायचे. घरच्यांना वाटलं म्हातारचळ. मेंदूच्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं, त्या जातीच्या काही गोळ्यांनी असं होतं. गोळी बदलली, दोन महिन्यांत तिकिटं बंद. घरात कुणी म्हातारं माणूस अचानक असं वागायला लागलं तर औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडं जा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

---

बैलगाडीप्रेमी
१२ मार्च, रात्री ८.२०

मोबाईलचं सगळे बोलतात. जत्रेतल्या पत्त्यांचं काय? शर्यतीवर लागणाऱ्या पैशांचं काय? डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परवानगी दिली तेव्हा मी गुलाल उधळला होता. माझ्याकडं स्वतःची खोंडं आहेत. पण शर्यतीच्या घाटात (धावपट्टीवर) उभं राहून लाखाच्या पैजा लावणारे बघितले की पोटात कालवतं. बैल बिचारा मालकासाठी पळतो.

---

रात्रपाळी_कुपवाड
१३ मार्च, पहाटे ५.०५

बैलगाडी दादा, खरंय. मी जत्रेला पण जात नाही अजून. लेकीला बायको घेऊन जाते.

शेडवरचा कुठं गेला? तीन दिवस झाले.

---

शेडवरचा
१४ मार्च, रात्री १२.५०

इथंच आहे. सगळं वाचलं. साताऱ्याच्या ताईंचा प्रश्न वाचल्यापासून काही लिहवत नव्हतं.

एकूण ११ लाखाच्या वर गेलेत. वडिलांना चार सांगितलेत. बायकोला सात माहीत आहेत. त्याच्यावरचं कुणालाच नाही. त्यात एका सावकाराचे २ लाख ६० हजार अजून द्यायचेत, शेकडा पाच महिन्याला. दर महिन्याला नुसतं व्याज १३ हजार. खताचे म्हणून, फवारणीचे म्हणून घरातनं घेऊन ते भरतोय. खेळत नाही, हे खरंय. पण खोटं अजून बोलतोय.

आणि शेडवर त्या रात्री 'फक्त पन्नास' काढायचा विचार आला तो मजेसाठी नव्हता. ते लावून, जिंकून सावकाराचं एकदम मिटवून टाकावं आणि कुणाला कळूच नये, म्हणून होता.

---

अजिंक्यताऱ्याखाली
१४ मार्च, रात्री १.१०

दादा, जागे आहात म्हणून सरळ विचारते. जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का?

---

शेडवरचा
१४ मार्च, रात्री १.२२

ऑक्टोबरमध्ये यायचं. बागेतलं औषध खोलीतच असतं. मुलीनं एकदा दारातनं हाक मारली, त्यानंतर किल्ली बायकोकडं दिली. आता नाही येत. आज हे लिहिताना छाती धडधडतेय, पण तसं काही नाही.

---

अजिंक्यताऱ्याखाली
१४ मार्च, रात्री १.३१

किल्ली तिकडंच राहू दे. पुन्हा तसं वाटलं तर १४४१६ ला लगेच फोन लावा, किंवा बायकोला उठवा. सकाळपर्यंत थांबू नका.

आता माझं सांगते. माझा भाऊ यातून गेला. त्यानं पण अर्धाच आकडा सांगितला होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ते अर्धं फेडलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला, पेढे वाटले. आणि तो राहिलेल्या अर्ध्यासाठी परत खेळला. अमेरिकेत १९५७ मध्ये जुगारी लोकांनीच एकमेकांसाठी एक मंडळ सुरू केलं, गॅम्बलर्स अनॉनिमस. त्यांच्यात एक खास बैठक असते. जुगारी आणि त्याची बायको, सोबत दोन-तीन जुने लोक, आणि टेबलावर प्रत्येक देण्याचा कागद. पै-पै. कुणी त्यांचं फेडून देत नाही. फक्त सगळं उघड्यावर येतं आणि महिन्याला किती जमेल ते ठरतं. भावाच्या बाबतीत शेवटी आम्ही तेच केलं, आईच्या स्वयंपाकघरात. रात्री नऊला बसलो, दीडला उठलो.

तुमचा प्रश्न होता पैसे खात्यावर घ्यावेत का. मला वाटतं तो प्रश्न नंतरचा आहे.

---

जुना_आकडेवाला
१४ मार्च, सकाळी ७.००

पोरा, बापाला सांग. रागवेल. रागवू दे.

---

कृष्णाकाठ
१४ मार्च, सकाळी ९.२०

मी पहिल्या दिवशी 'घे' म्हटलं होतं. चुकलो. तेव्हा हे माहीत नव्हतं, पण माहीत नसताना इतक्या ठामपणे सांगायला नको होतं.

सावकाराचं बघा. त्याच्याकडं परवाना आहे का? नसेल तर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं करता येते. परवाना असला तरी व्याज सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि महिन्याला शेकडा पाच त्यात बसत नाही. कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक असं काही दिलं असेल तर तेही लिहून ठेवा. त्याच्याकडं एकटे जाऊ नका. घरातला वडीलधारा माणूस सोबत घ्या.

---

शेडवरचा
१६ मार्च, रात्री १०.१५

सांगितलं.

काल संध्याकाळी वडील आणि मी रॅकवरचा माल हलवत होतो. दोघं दोन बाजूंनी जाळी धरून झटकत होतो, वाळलेले मणी खाली ताडपत्रीवर पडत होते. मी म्हटलं, आबा, चार लाख नव्हते, अकरा होते. सावकाराचं पण सांगितलं. खताचे म्हणून नेलेले पैसे पण सांगितले. ते काही बोलले नाहीत. जाळी झटकत राहिले. एक कप्पा झाला, दुसरा झाला. मी पण धरून राहिलो, कारण सोडलं असतं तर माल मातीत गेला असता.

तिसऱ्या कप्प्याला म्हणाले, "अजून काय राहिलंय का सांगायचं?"

मी म्हटलं, नाही.

"मग चल, जेवून घेऊ."

जेवताना माझ्याकडं बघितलं नाही. रात्री आईला सांगताना त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडनं ऐकू येत होता. बायकोनं मात्र एकच विचारलं, "खताचं खोटं कशाला बोललास? मी तुझ्यासाठी पोरीच्या सायकलीचे थांबवले होते." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आज सकाळी वडिलांनी माझ्या दाजींना बोलावून घेतलं. तिघं सावकाराकडं जाऊन आलो. परवाना नाही त्याच्याकडं. दाजींनी उपनिबंधक कार्यालयाचं नाव काढल्यावर व्याज थांबवतो म्हणाला, मुद्दल तीन हप्त्यांत. आत्तापर्यंत भरलेलं व्याज मुद्दलातनं वजा करायला मात्र तयार नाही. कोरा चेक परत घेतला. मी दिलेला, माझ्या सहीचा. दाजींनी तिथंच फाडला.

---

सूनबाई_पलूस
१६ मार्च, रात्री १०.४०

दादा, मिसेसना सायकलीचं बोलायचं होतं, ते बोलल्या. अजून बोलतील. माझं वर्षभर चाललं होतं. मधूनच, भाकरी करताना आठवायचं. तेव्हा "झालं ना आता, किती वेळा तेच" असं म्हणू नका. ऐकून घ्या.

---

विटेकर_पैलवान
१७ मार्च, सकाळी ६.००

शाब्बास मर्दा. डोळ्यात पाणी आलं वाचून.

पाऊस सांगितलाय, शेडला कागद टाकून घे.

---

मिरजेची_मावशी
१७ मार्च, सकाळी ९.३०

ऑपरेशनला आलात की वडिलांना वॉर्डात सोडल्यावर तुझ्यासाठी पण त्याच दिवशी मानसोपचाराच्या ओपीडीत नाव घाल. मिरजेला यायचंच आहे तर वेगळी खेप कशाला.

---

शेडवरचा
१ एप्रिल, रात्री ९.५०

उशीर झाला लिहायला. दोन-तीन रात्री पाऊस आला, शेडवरच होतो.

पहिल्या लॉटचा सौदा २४ मार्चला झाला. पट्टीवाले काकांनी सांगितलं तसंच केलं, पट्टी वडिलांच्या नावानं. पण वडील म्हणाले माझं खातं तुझ्या मोबाईलला जोडलंय, नको, म्हणून पैसे आईच्या खात्यावर घेतले. तिला मोबाईल बँकिंग काय ते माहीत नाही, अंगठ्याऐवजी सही करते तिचाच तिला अभिमान आहे. काल सोसायटी भागवली, पासबुक भरून आणलं, आईनं देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. साधा बटनाचा मोबाईल घेतलाय मी. इथं बायकोच्या मोबाईलवरनं लिहितोय, ती शेजारी बसलीय.

सौद्याला मात्र मीच उभा होतो. वडील येणार होते, आलेच नाहीत, म्हणाले तू बघ. पहिल्या बोलीला मी माल मागं घेतला. दुसऱ्यांदा किलोला आठ रुपये वाढवून मिळाले. एवढ्या लोकांत मान वर करून उभा राहिलो, बऱ्याच दिवसांनी.

बाहेर चहाच्या गाड्यावर तो भेटला, आयडी देणारा. म्हणाला, "काय, पट्टी झाली म्हणं? शनिवारी मोठी मॅच आहे." मी म्हटलं, पैसे आईच्या खात्यावर आहेत. तो एकदम गप्प झाला, कप ठेवला आणि निघून गेला. तीन वर्षांत मी त्याला इतक्या लवकर गेलेला बघितला नव्हता. माझे हात मात्र थरथरत होते. चहा अर्धा सांडला.

आज १६१ दिवस. परवा ऑपरेशन आहे. मावशी, ओपीडीत नाव घालतोय.

---

रात्रपाळी_कुपवाड
२ एप्रिल, पहाटे ४.४५

हात थरथरणं माझं पण वर्षभर चाललं. शनिवारी साडेसातला मी मेव्हण्याच्या गाळ्यावर आहे. ऑपरेशननंतर मिरजेतच असशील तर ये. मिरज-कुपवाड किती लांब आहे?

---

शेडवरचा
२ एप्रिल, सकाळी ८.१०

येतो. वडिलांजवळ आई थांबेल रात्रीची.

---

पट्टीवाला
२ एप्रिल, सकाळी ११.३०

दुसऱ्या लॉटचा कलर कसा आहे? पावसानं काळा पडला का?

---

शेडवरचा
२ एप्रिल, दुपारी १.०५

खालचे दोन कप्पे थोडे पडलेत. वरचा सगळा हिरवा आहे काका. नमुना घेऊन येतो सोमवारी.